मदत हवी आहे: मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांमधलं नैराश्य कसं चाचपायचं?

न्यूरो-ऑन्कोलॉजी (मेंदूच्या कर्करोगाच्या) ओपीडीत समुपदेशकाचं काम आहे. रुग्ण बहुतेक ग्लायोमाचे (मेंदूतच उगवणारी एक प्रकारची गाठ). पीएचक्यू-९ची (नैराश्य चाचपायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येकाला ० ते ३ गुण) मराठी प्रत भरून घेतो, पण रेडिएशन चालू असलेल्या बऱ्याच जणांची बेरीज १०च्या वर जाते. सगळ्यांनाच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं का? ज्यांची वाचा गेली आहे त्यांचं काय? आणि फॉर्म कधी कधी भरून घ्यावा?

प्रतिसाद १
नुसत्या बेरजेवर जाऊ नका. झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं आणि हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, हे पाच प्रश्न गाठीमुळे, रेडिएशनमुळे, स्टिरॉइडमुळेही वर जातात. तिथेच १५ गुण होऊ शकतात. म्हणून पहिले दोन प्रश्न आधी बघा: कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त असतील तर पुढे पाठवा. दोन्ही शून्य आणि बेरीज १२, असं असेल तर आधी दुसरी कारणं शोधा. शंका राहिली तर हॅड्स (चिंता आणि नैराश्य मोजणारा दुसरा फॉर्म) वापरा. त्यात नैराश्याचे ७ प्रश्न आहेत, ८पासून पुढे लक्ष द्यायचं, आणि थकवा-भूक-झोप त्यात नाही.

पीएचक्यू-९च्या नवव्या प्रश्नाला (मरण बरं वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आत्महत्येचा विचार येतो का, काही ठरवलंय का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने विचार बळावत नाही. रुग्णाला एकटं घरी सोडू नका, गोळ्या नातेवाइकांच्या ताब्यात द्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या.

प्रतिसाद २
फॉर्मच्या डोक्यावर डेक्सामेथासोनचा (मेंदूची सूज उतरवणारं स्टिरॉइड) डोस आणि तो शेवटचा कधी बदलला ते लिहा. या औषधाने झोप उडते, बडबड आणि चिडचिड वाढते, क्वचित उन्मादही होतो. डोस उतरवताना मन खचतं. दिवसाचा दुसरा डोस दुपारी दोनच्या आत देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एकदम बंद मात्र करू नये.

लेव्हेटिरॅसिटाम (फिट रोखणारी गोळी) चालू असताना घरचे "स्वभावच बदलला, अंगावर धावून येतो" म्हणाले, तर न्यूरोलॉजिस्टना कळवा, पर्याय असतात. फिट येण्याचा धोका असल्याने घरच्यांनी गोळी परस्पर थांबवू नये.

रक्तात सोडियम, आणि थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४ बघायला सांगा. पिट्युटरीला (टीएसएच बनवणारी मेंदूतली ग्रंथी) रेडिएशन लागलं असेल तर नुसता टीएसएच नॉर्मल दिसून फसवतो. डेक्सामेथासोन चालू असताना कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) तपासून उपयोग नाही.

धागाकर्ता
मेंदूच्या समोरच्या भागात (फ्रंटल लोबमध्ये) गाठ असलेले काही जण दिवसभर गप्प बसतात, पण विचारलं तर "काही नाही, बरं आहे" म्हणतात.

प्रतिसाद १
हे बऱ्याचदा नैराश्य नसतं. पुढाकारच मंदावलेला असतो. कोणी ताट समोर ठेवलं की नीट जेवतात, नातवंड आलं की हसतात, पण आपणहून उठत नाहीत. रडणं, अपराधीपणा, जगणं नकोसं होणं हे त्यात नसतं. घरच्यांना हा फरक समजावून सांगणं फार गरजेचं आहे, नाहीतर रुग्णाला आळशी ठरवलं जातं.

वाचा गेलेल्यांसाठी एसएडीक्यू-१० ही दहा प्रश्नांची यादी: रडू येणं, नजर टाळणं, रात्री अस्वस्थ असणं, हे सांभाळणाऱ्याला विचारायचं. ते पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बनवलंय, म्हणून तिथली मर्यादा जशीच्या तशी लावू नका. त्याच रुग्णाचे आधीचे आणि आताचे गुण ताडून पाहा.

फॉर्म शस्त्रक्रियेआधी, नंतर दोन-तीन आठवड्यांनी, रेडिएशन संपताना आणि पुढे दर एमआरआयच्या भेटीत. रिपोर्ट सांगण्याआधी, आणि नातेवाइकांना बाहेर बसवून.

प्रतिसाद २
एक राहिलं. पाठवणीच्या चिठ्ठीत "मेंदूत गाठ, फिटचा इतिहास" ठळक लिहा, म्हणजे बुप्रोपिऑन हे नैराश्याचं औषध दिलं जाणार नाही. त्याने फिट येऊ शकतात.