वाळवीला झुरळांच्या गणात घालायचं की तिचा स्वतंत्र गण ठेवायचा?

रानफूल

आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीने कीटकांच्या गणांचा तक्ता मांडला होता. ती माझ्याकडे शिकवणीला येते, त्यामुळे तक्ता माझ्या डोळ्यांदेखत तयार झाला. तिने वाळवी आणि झुरळ एकाच चौकटीत लावले. परीक्षकांनी तिथे लाल गोल केला, शेजारी लिहिलं ‘वाळवी : आयसॉप्टेरा, स्वतंत्र गण’, आणि गुण कापले. घरी जाताना मुलीने विचारलं, “ताई, मग आपलं चुकलं का?”

माझ्या मते चुकलं नाही. का, ते मांडते. विरोधातलंही ऐकायचं आहे.

लिनिअसने १७५८ मध्ये वाळवीला बिनपंखी कीटकांच्या गणात टाकलं होतं. त्या गणात उवा, पिसवा, कोळी आणि खेकडेसुद्धा होते. पुढे १८३२ मध्ये ब्रुले या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने तिच्यासाठी आयसॉप्टेरा, म्हणजे समान पंखांचा, असा वेगळा गण केला. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा खच पडतो, त्यातले चार पंख उचलून पाहा. पुढचा कुठला आणि मागचा कुठला, सांगता येत नाही. नाव त्यावरून आलं आणि शंभर-दीडशे वर्षं पक्कं बसलं.

पण १९३४ मध्ये क्लीव्हलँड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या क्रिप्टोसर्कस या झुरळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हे झुरळ ॲपलाचियन डोंगरांत कुजक्या ओंडक्यात राहतं, लाकूडच खातं, आणि नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात. त्याच्या आतड्यात लाकूड पचवणारे एकपेशीय प्राणी सापडले. तसलेच प्राणी वाळवीच्या आतड्यातही असतात. नंतर जनुकांचा अभ्यास सुरू झाला. २००७ मध्ये इनवर्ड, बेकालोनी आणि एगल्टन यांनी पाच जनुकं घेऊन शंभरावर जाती तपासल्या. वाळवी झुरळांच्या वंशवृक्षात आतल्या फांदीवर बसली, क्रिप्टोसर्कसच्या अगदी शेजारी. म्हणजे हे रानातलं झुरळ आपल्या मोरीतल्या झुरळापेक्षा वाळवीला जवळचं आहे.

मग वाळवीला वगळून उरलेल्यांचा ‘झुरळांचा गण’ कसा करणार? एका आजोबांच्या वंशावळीतून एक नातू गाळायचा आणि बाकीच्यांना ‘पूर्ण घराणं’ म्हणायचं, असं होतं ते. वाळवीने वेगळी चूल मांडली, वाडे बांधले, राजा-राणी केले. चूल वेगळी झाली म्हणून आडनाव बदलत नाही.

बांधावरून

रानफूल ताई, मुलीचे गुण कापायला नको होते, हे आधी सांगतो. पण मुद्द्यावर मी परीक्षकांच्या बाजूचा आहे.

माझी वीस वर्षं पिकांवरच्या किडी ओळखण्यात गेली. गण ही ओळखीची पहिली पायरी असते. शेतकरी काडेपेटीत किडा घेऊन येतो तेव्हा त्याची वंशावळ समोर नसते, किडा असतो. झुरळ म्हणजे चपटं अंग, ढालीखाली दडलेलं डोकं, लांब बारीक मिशा, अंड्यांची कुपी. वाळवी म्हणजे मऊ फिकट अंग, मण्यांच्या माळेसारख्या मिशा, कामकरी आणि सैनिक वेगळे, मातीची वाट करून चालणं. या दोघांना एका गणात घातल्यावर त्या गणाचं वर्णन एका ओळीत करून दाखवा. मला तरी जमत नाही.

आणि कामही वेगळं. झुरळाला स्वयंपाकघराच्या सांदीत जेल लावून भागतं. उसाच्या लावणीत वाळवी टिपरीच्या कापलेल्या टोकातून आत शिरते आणि कांडी पोखरून आत माती भरते. डोळा फुटायच्या आधीच बेणं जातं. तिथे वारूळ शोधून राणीपर्यंत खणावं लागतं. विदर्भात उधई म्हणा, इकडे वाळवी म्हणा, पण तिला झुरळ म्हणणारा शेतकरी मला आजवर भेटलेला नाही. हजारो वर्षं डोळ्यांनी पारखून ठेवलेला हा फरक आहे. वर्गीकरणाने त्याला मान द्यायला हवा.

गुणसूत्र

@बांधावरून, दादा, तुमची अडचण खरी आहे. पण एका ओळीचं वर्णन आयसॉप्टेराला तरी लागू पडतं का, ते पाहा.

उत्तर ऑस्ट्रेलियात मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस नावाची वाळवी आहे. जिवंत वाळवींमध्ये सगळ्यात जुन्या फांदीवरची. तिच्या मागच्या पंखाला झुरळासारखा रुंद पदर असतो, म्हणजे दोन्ही जोड्या समान नाहीतच. समपंखी हे नाव गणाच्या पहिल्याच घरात खोटं ठरतं. तिची अंडी दोन ओळींत एकमेकांना चिकटलेली, झुरळाच्या कुपीसारखी. बहुतेक सगळ्या झुरळांच्या चरबीच्या पेशींत ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात. वाळवींपैकी ते फक्त हिच्यात आहेत.

हा विषय लगेच मिटला असंही नाही. १९९० मध्ये बार्बरा थॉर्न यांनी वेगळी शक्यता मांडली होती. एकाच ओंडक्यात राहताना झुरळांनी वाळवी खाल्ली असेल आणि तिच्या पोटातले एकपेशीय प्राणी तसेच पुढे गेले असतील, नातं नसतानाही. क्रिस्टीन नॅलेपा यांनी त्याला उत्तर दिलं. हे प्राणी आई-बापांच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटून पिल्लांकडे जातात, वाळवीतही आणि क्रिप्टोसर्कसमध्येही. घरातल्या घरात चालणारा हा वारसा आहे, आणि वाळवीची वसाहत याच संगोपनातून वाढली असावी. या दोघींचा वाद वाचूनच मी या विषयाकडे वळलो. एका झुरळाच्या पोटातल्या जिवांवरून दोन माणसं इतकं बारीक भांडू शकतात, हे मला फार सुंदर वाटलं होतं.

आणखी एक. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांचे समाज शिकारी गांधीलमाश्यांच्या वंशातून उभे राहिले. वाळवीचा समाज लाकूड खाणाऱ्या झुरळांतून. मुंगीच्या वारुळात सगळ्या कामकरी माद्या, नर मिलनानंतर मरतो. वाळवीच्या वारुळात कामकरी नरही असतात आणि मादीही, आणि राजा राणीजवळ जन्मभर राहतो. वाळवी स्वतंत्र गणात ठेवली की ‘हा समाज आला कुठून’ हा प्रश्नच विद्यार्थ्याच्या मनात येत नाही. झुरळांत ठेवली की पहिल्या दिवशी येतो.

तांबडी माती

मी गोव्यातून. बाजू घेत नाही, एक शंका विचारते.

आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात. सातेरी देवी रोयणीच्या रूपात पुजली जाते. माझ्या आजोळच्या देवळात गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी रोयणच आहे, लहानपणी मी तिला हात जोडूनच मोठी झाले. पावसाळ्यात रोयणीवर अळमी उगवतात आणि बाजारात हातोहात जातात. त्या अळमी वाळवीनेच आत पिकवलेल्या बुरशीच्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

शंका अशी. तुम्ही पोटातल्या एकपेशीय प्राण्यांवर एवढा भर देता आहात. पण बुरशीची शेती करणाऱ्या आमच्या वाळवीच्या पोटात ते आहेत का?

जुनी पेटी

तांबडी माती, तुम्ही नेमका प्रश्न विचारलात. नाहीत. आपल्याकडची मोठी वारुळं बांधणारी ओडोन्टोटर्मिस ही टर्मिटिडी कुलातली (कुल म्हणजे गणाच्या आतला लहान गट), आणि त्या अख्ख्या कुलाने ते प्राणी गमावलेत. वाळवीच्या जातींपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त याच कुलात येतात. म्हणजे झुरळाशी नात्याची खूण म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुसंख्य वाळवींत नाहीच.

मी निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्राचा. वाळवी झुरळांतून आली, हे मला मान्य आहे. वाद वंशाचा नाही, गणाच्या दर्जाचा आहे, आणि ही दोन वेगळी प्रकरणं इथे एकत्र झाली आहेत.

विली हेनिग हे माश्यांचे जर्मन अभ्यासक. त्यांनी १९५० मध्ये मांडलं की गटात एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज आले पाहिजेत, एकही गाळायचा नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, फांदी कुठे फुटली एवढंच पाहू नका, फुटल्यावर ती किती दूर गेली तेही पाहा. मी मायर यांच्या बाजूचा आहे. वाळवी दूर गेली आहे. झुरळाच्या वंशात तिने शहरं वसवली, शेती केली, श्रमविभागणी केली. हे अंतर वर्गीकरणात दिसलं नाही, तर उत्क्रांतीची अर्धी गोष्ट सांगायची राहते.

शिवाय हेनिगचा नियम शेवटपर्यंत लावून पाहा. कीटक स्वतःच कवचधारी प्राण्यांच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या वंशातली एक फांदी आहेत. आज हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मग कीटक हा वर्गही मोडायचा का? ज्यांना वाळवी झुरळांत हवी आहे, त्यांनी याचंही उत्तर द्यावं.

आणि २००७ च्या त्या लेखाने वाळवीला एकाच कुलाचा दर्जा द्या, त्याला टर्मिटिडी म्हणा, असं सुचवलं. हे नाव आधीच एका कुलाला होतं! जुन्या लेखात टर्मिटिडी वाचलं तर एक अर्थ, नव्यात दुसरा. त्याच वर्षी नेथन लो आणि अनेक वाळवीतज्ज्ञांनी आयसॉप्टेरा वाचवा अशा मथळ्याने उत्तर लिहिलं. लो हे कोण? वाळवी लाकूड खाणाऱ्या झुरळांतून आली, हे २००० मध्ये जनुकांवरून दाखवणारेही तेच. नातं सिद्ध करणारा माणूसच नाव वाचवायला उभा राहिला, याचा विचार व्हावा.

रानफूल

सर, उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

रोयणीतल्या वाळवीने ते प्राणी गमावले, यावरून मला उलटाच अर्थ दिसतो. आतड्यातले प्राणी गेले, मॅस्टोटर्मिसनंतर चिकटलेली अंडी गेली, पंखाचा पदर गेला. दिसणारी खूण हरवते, वंश हरवत नाही. म्हणूनच गट खुणांवर उभा केला तर तो कधीतरी ढासळतो. @बांधावरून यांनाही माझं हेच सांगणं आहे. खुणा ओळखीसाठी वापराव्यात, पण ओळख पटवायची चावी वेगळी आणि गण वेगळा.

कोळंबीचं म्हणाल, तर हो, मला चालेल. कीटक हे कवचधाऱ्यांच्या आतली फांदी, असं मी मुलांना सांगतेच. कीटक हे नाव मोडावं लागत नाही, कारण सगळे कीटक एकाच पूर्वजाचे आहेत. मोडावं लागतं ते ‘कीटक सोडून उरलेले कवचधारी’ या गटाला. वाळवीचंही तसंच आहे. वाळवी हा गट शुद्ध आहे, त्याला कुणी हात लावत नाही. अशुद्ध आहे तो वाळवीविना झुरळांचा गण. सर, दूर गेलेल्याला वेगळं काढलं की मागे राहिलेल्यांचं नातं खोटं पडतं. क्रिप्टोसर्कसचा काय दोष?

टर्मिटिडीच्या नावाबद्दल मात्र तुमचं पूर्ण मान्य. ती सूचना टिकलीही नाही. कुमार कृष्ण आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या सात खंडांच्या ग्रंथाच्या नावात आयसॉप्टेरा आहेच. आज पुष्कळ अभ्यासक ते नाव झुरळांच्या ब्लॅटोडिया गणाच्या आत, खालच्या पायरीवर वापरतात.

जुनी पेटी

क्रिप्टोसर्कसचा मुद्दा लागला. त्याचं वर्गीकरण मायर यांच्या पद्धतीत अवघडच होतं, हे कबूल.

तरी एक लक्षात ठेवा. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता महाकुलाच्या (जवळच्या कुलांच्या गटाच्या) वर, म्हणजे गणाला, लागू होत नाही. गण कोणता आणि किती, हे कुठलाही आयोग ठरवत नाही. म्हणून परीक्षकांनी लाल गोल करणं जितकं चूक, तितकंच ‘स्वतंत्र गण ही चूक आहे’ असं मुलांना ठासून सांगणं चूक. मी असतो तर तक्त्याखाली मुलीला दोन ओळी लिहायला सांगितल्या असत्या, आपण असं का मांडलं ते. आणि गुण त्या दोन ओळींना दिले असते.

गुणसूत्र

सर, आयोग ठरवत नाही म्हणून दोन्ही मांडण्या सारख्याच तोलाच्या होत नाहीत. उवांचं बघा. त्यांचाही स्वतंत्र गण होता. त्या सालींवरच्या बारीक किड्यांच्या वंशातून आल्या हे कळल्यावर दोघांना मिळून सोकोडिया असा एक गण झाला. उवा दिसायला, जगायला कमी का वेगळ्या आहेत? रक्त पिऊन अंगावरच जन्म काढतात. तिथे फारसं कुणी हळहळलं नाही. वाळवीबद्दल हळहळ वाटते, कारण वारुळं आपल्याला दिसतात.

बांधावरून

मला अजून पटलेलं नाही. ब्लॅटोडियाच्या आत आयसॉप्टेरा ठेवणार असाल तर निदान ते नाव शाळेच्या पुस्तकातून काढू नका, एवढंच म्हणेन. आमच्या माहितीपत्रकात मी आयसॉप्टेराच लिहिणार.

पण ताई, त्या मुलीला वारुळातली वाळवी दाखवू नका, तिच्या पोटात काही मिळणार नाही. गावात एखादी जुनी चौकट किंवा कपाट बघा, जिथून खसखशीएवढे सहा बाजूंचे कण खाली सांडतात. ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिने ते प्राणी टाकलेले नाहीत. एक कामकरी घ्या, चिमट्याने मागचं टोक हलकेच ओढा, आतडं बाहेर येतं. लिटरभर पाण्यात ६ ग्रॅम मीठ, त्याचा एक थेंब काचेवर, त्यात ते आतडं फोडा आणि लगेच झाकणकाच ठेवा. हवा लागली की ते लवकर मरतात. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात, पेरूच्या आकाराचे, केसाळ, गिरक्या घेणारे.

रानफूल

दादा, आमच्या शाळेच्या मागच्या खोलीच्या चौकटीखाली तसे कण रोज झाडावे लागतात. लाकडाचा भुसा समजत होते मी. शनिवारी मुलीला घेऊन बसते.