आईची गुडघ्यांची पुडी बंद करू का? व्यायामाबद्दलही मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, नागपूरला महाल भागात जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. जिना उंच, १७ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्सरेत सांध्यातली फट आतल्या बाजूने कमी झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, सांध्याची झीज चारपैकी ग्रेड ३ आहे, ऑपरेशनची घाई नाही, वजन उतरवा आणि मांडीचे व्यायाम करा. व्यायामाचा कागदही दिला. तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय, तेव्हापासून तिथेच आहे.

मग भिशीतल्या एका काकूंनी 'शंभर टक्के नैसर्गिक' पुडी आणून दिली. करड्या रंगाची पावडर, साधं प्लास्टिकचं पाकीट, त्यावर ना नाव ना घटक. तिसऱ्याच दिवशी आई कठडा न धरता जिना उतरली! खोटं कशाला बोलू, पुढची दोन पाकिटं मीच आणली. आता दीड महिना झालाय. चेहरा गोल दिसतोय, भूक वाढलीय आणि उपाशीपोटीची साखर, जी ११०च्या आसपास असायची, ती १६८ आली. आई म्हणते, "बाप्पा, गुडघे दुखायचे थांबले न, मग साखरेचं काय घेऊन बसली?"

पुडी आजच बंद करू का? दुसरं म्हणजे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम करताना तिला पाचव्या वेळी कळ येते. तेव्हा थांबायचं की रेटायचं? रात्री महानारायण तेल लावून शेकते, ते चालू ठेवू न? (मेथीचे लाडूही चालू आहेत. त्यातला तूप-गूळ बघता वजनाचं काय होणार ते दिसतंच आहे.)

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओ आहे. आधी पुडीचं. अशा बिननावाच्या पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि तुम्ही सांगताय ती लक्षणं त्याच्याशी जुळतात. पण मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी उतरणं असं होऊ शकतं. पाकीट आणि साखरेचा रिपोर्ट घेऊन उद्याच फिजिशियनकडे जा. कसं कमी करायचं ते तेच सांगतील.

व्यायामात थोडी कळ चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं तर ठीक. सूज आली किंवा दुखणं वाढलं तर वेळा कमी करा, पूर्ण बंद नको. दहा जमत नाहीत तर चार-चार करून दिवसातून तीनदा. गुंडाळी दाबून पाच आकडे मोजायचे, सोडायचं. पुढे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं.

तेल हाडांच्या टोकावरच्या कूर्चेपर्यंत पोचत नाही, पण चोळण्याने आणि शेकाने आखडलेपण जातं. म्हणून ते रात्रीपेक्षा व्यायामाच्या आधी करा. गुडघा सुजून गरम लागत असेल तर मात्र शेक नको, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. काठी घेतली तर कमी दुखणाऱ्या बाजूच्या हातात. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो, हे आईंना लाडवाच्या डब्यासमोर सांगा.

प्रतिसाद २
आमच्या सासूबाईही कागदाला हात लावत नव्हत्या. मी गुंडाळी दिवाणावरच ठेवली आणि ठरवून टाकलं, मालिकेत जाहिरात लागली की पाय दाबायचा. आता त्या आपल्या आपणच करून राहिल्या. पाटावर बसणं बंद केलं, कमोड बसवला. आईंना 'शुक्रवारी तलावा'कडे फिरायला न्या, पण या उन्हात सहाच्या आत.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उद्या सकाळी ११ ची वेळ मिळाली आहे. पाकीट ओट्यावरून उचलून माझ्या पर्समध्ये टाकलंय, आजचा डोस तेवढा वाटीत काढून ठेवला. आईला अजून काही सांगितलेलं नाही. आणि लाडू? डब्यात नऊ उरलेत, मोजले मी.