धाकट्या भावाची दारू सोडवण्यासाठी त्याला मळ्यातल्या खोलीत कोंडून ठेवावे का?

प्रश्न : केळीबाग, रावेर तालुका

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. तो छत्तीस वर्षांचा आहे. आमची केळीची बाग तोच पाहत असे. मी नोकरीनिमित्त जळगावला असल्याने आठवड्यातून एकदाच गावी जातो. गेली आठ-नऊ वर्षे तो पितो आहे. सुरुवातीला कापणीच्या मजुरांसोबत संध्याकाळी बसायचा, पुढे एकटाच पिऊ लागला, आणि आता सकाळी उठल्यावर थोडी पोटात गेल्याशिवाय त्याला चहाची कपबशीसुद्धा धरता येत नाही. व्यापाऱ्याकडून केळीची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आले की चार-पाच दिवस तो घरी सापडत नाही. देशी दारूच्या दुकानातली त्याची उधारी मी आजवर तीनदा फेडली आहे.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला गावी पोहोचायला उशीर झाला, म्हणून वडिलांच्या नावाची घागर भरायला आईने त्याला बसवले. आईच्या शब्दाखातर त्याने त्या दिवशी सकाळपासून घेतली नव्हती. मी दारात पाऊल टाकले तेव्हा तो भरलेली घागर पाटावर ठेवत होता. हात इतके थरथरत होते की घागरीवर ठेवलेले डांगर (खरबूज) घरंगळत पार चुलीपर्यंत गेले. त्याने ते उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले, पुन्हा घागरीवर ठेवले आणि कोणाच्याही तोंडाकडे न पाहता तो घराबाहेर पडला. रात्री दोघांनी त्याला खांद्यावरून घरी आणले.

आता काका आणि चुलतभावांनी असे ठरवले आहे की, मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत त्याला आठ दिवस कोंडून ठेवायचे, जेवण खिडकीतून द्यायचे आणि दारूचा थेंबही मिळू द्यायचा नाही. दुसरीकडे, माझ्या भावजयीच्या माहेरच्यांनी कोणाकडून तरी एक पुडी आणली आहे. ती वरणात कालवून नकळत द्यायची, म्हणजे दारूची शिसारी येते, असे ते सांगतात. मला दोन्हींची भीती वाटते, परंतु दुसरा मार्गही दिसत नाही. गेल्या वर्षी भाऊबंदकीतल्या एका लग्नाला परगावी गेलो असताना त्याला दोन दिवस दारू मिळाली नव्हती आणि तिथे त्याला फिट आली होती. तेव्हा लोकांनी कांदा हुंगवला आणि थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला. उन्हामुळे झाले असेल, असे आम्ही समजलो.

हा आजार आहे की वाईट सवय, हे कोणी नीट समजावून सांगेल का? आणि आपल्या खानदेशात त्याला दाखवायचे कुठे?

उत्तर १ : मानसोपचारतज्ज्ञ, धुळे

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी आणि जाता जाता लिहिले आहे. दोन दिवस दारू न मिळाल्यावर आलेली ती फिट उन्हाची नव्हती, असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. म्हणून आधी एवढेच सांगतो की त्याला कोंडू नका. अशा रुग्णाची दारू उपचाराविना एकाएकी तोडणे त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि ज्याला एकदा फिट येऊन गेली आहे त्याला पुढच्या वेळी ती येण्याचा धोका अधिक असतो.

यामागचे कारण समजून घ्या. दारू मेंदूचे काम संथ करते. रोज, वर्षानुवर्षे ती मिळत राहिली की मेंदू स्वतःला टिकवण्यासाठी उलट दिशेने जोर लावू लागतो; ब्रेक दाबलेलाच आहे हे गृहीत धरून ट्रॅक्टरचा चालक अ‍ॅक्सिलेटर अधिकाधिक दाबत जावा, तसे. अशा वेळी ब्रेक एकदम काढून घेतला की ट्रॅक्टर उधळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांना तीव्र भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी धावू लागते, रक्तदाब वाढतो. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. मळ्यातल्या बंद खोलीत, खिडकीतून ताट सरकवणाऱ्याला हे कळणारही नाही. आखाजीच्या दिवशी आपण जी थरथर पाहिली ती याच साखळीची पहिली कडी होती. आईच्या शब्दासाठी त्याने जे सोसले, त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणता येणार नाही.

रुग्णालयात हेच दारू तोडणे सुरक्षितपणे करता येते. लोराझेपाम किंवा डायझेपाम यांसारखी औषधे आधी पुरेशा मात्रेत देऊन ती पाच ते दहा दिवसांत उतरवत नेली जातात. त्यासोबत बी-१ म्हणजे थायामिन हे जीवनसत्त्व इंजेक्शनने दिले जाते, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी झालेले असते. आपल्याकडे गावातल्या दवाखान्यात जाऊन नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. थायामिन न देता असे केल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

पुडीविषयी सांगायचे तर, अशा पुड्यांत नेमके काय असते हे कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यांपैकी काहींत डायसल्फिराम मिसळलेले असण्याची शक्यता असते. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृत तो पुढे निष्प्रभ करते. डायसल्फिराम नेमकी ही दुसरी पायरी अडवते. मग वर दारू प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. हे औषध आम्हीही वापरतो, परंतु रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून आणि दारू थांबवून किमान बारा तास उलटल्यावरच. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला आपल्या वरणात काय पडले आहे हेच माहीत नाही, तो स्वतःला सांभाळणार तरी कसा? ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधेही उपलब्ध आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून त्यांतून निवड केली जाते.

हा आजार आहे का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. अनिवार ओढ, प्रमाणावर ताबा न राहणे, थांबवल्यास त्रास होणे, पूर्वीएवढ्या दारूने न भागणे, इतर कामे आणि आवडी सुटणे, नुकसान दिसत असूनही पीत राहणे, यांपैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या की आम्ही त्याला अवलंबित्व म्हणतो. आपल्या भावात बहुतेक सर्व दिसतात. केंद्र सरकारसाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेले सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. तेव्हा आपले कुटुंब या बाबतीत एकटे नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याला जळगाव जवळचे. तेथील रुग्णालयात मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण दिवस विचारून जावे. जाण्यापूर्वी बोलायचे असल्यास व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हे निःशुल्क क्रमांक आहेत. मध्येच फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका आणि 108 ला फोन करा.

उत्तर २ : अकरा वर्षे न पिता, भुसावळ

डॉक्टरसाहेबांनी किड्यांचा उल्लेख केला आहे. मी ते किडे पाहिले आहेत. 2012 साली घरच्यांनी मला असेच खोलीत ठेवले होते. तिसऱ्या रात्री पलंगाच्या कडेने लाल मुंग्यांची रांग येताना मला इतकी स्पष्ट दिसत होती की मी बायकोला चादर झटकायला लावत राहिलो, आणि ती बिचारी रडत झटकत राहिली. घरच्यांना वाटले की बाहेरची बाधा आहे, म्हणून मला आधी भगताकडे नेले आणि दवाखान्यात मी एक दिवस उशिरा पोहोचलो. मी वाचलो; सगळेच वाचत नाहीत.

दादा, आपल्या भावाच्या बाजूने दोन शब्द लिहितो. सकाळची दारू कोणी मजेसाठी पीत नाही. ती अंगाला स्थिर करण्यासाठी, दाढी करता यावी, सही करता यावी म्हणून घेतली जाते. मी कामावर हजेरीची सही करता यावी म्हणून प्यायचो. त्याच वेळी मनात स्वतःविषयी जी किळस असते ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही, कारण आम्ही ती आरडाओरड करून झाकतो. आपल्या भावाने ते डांगर पुसून परत ठेवले, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. ज्याला काहीच वाटत नाही तो असे करत नाही.

त्याच्याशी बोलायचे असल्यास सकाळी लवकर, तो थोडा स्थिर असताना, आणि एकट्याने बोला. काका, चुलते, गावकरी यांची बैठक भरवू नका. शपथ घालू नका. मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मुक्ताईच्या समोर घेतली, माळही घातली होती. ज्या दिवशी मोडली त्या दिवशी आता काय उरले आहे असे वाटून दुप्पट प्यायलो. माळ घालून सुटलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु ती माळ त्यांनी स्वतःहून घातली होती.

दवाखान्यातून दहा दिवसांनी घरी आला म्हणजे सुटला, असे कृपया समजू नका. शरीरातली दारू उतरते. संध्याकाळी सहा वाजता पाय ज्या रस्त्याने वळतात तो रस्ता गावात तसाच असतो. मला त्या वेळेला बसण्याची दुसरी जागा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत मिळाली. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक अशा दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळता सांभाळता ही संघटना सुरू केली. तिथे फी नाही, पूर्ण नाव विचारले जात नाही, आणि न पिण्याची इच्छा एवढीच अट आहे. त्यातही मी दोनदा घसरलो. पहिले तीन महिने फार निसरडे असतात. दुसऱ्या वेळी घसरलो तेव्हा बायको एवढेच म्हणाली, “उद्या सभेला जायचे आहे ना, मग आता झोपा.” त्या वाक्याचे ऋण माझ्याकडून फिटणार नाही.

उत्तर ३ : शिक्षिका, शहादा

आपण भावाविषयी लिहिले, आईविषयी लिहिले. भावजयीचा उल्लेख मात्र फक्त पुडीपुरता आला आहे. मी स्वतः अशा घरात चौदा वर्षे काढली असल्यामुळे मला तिच्याविषयी विचारावेसे वाटते. ती घर कशी चालवते? मुले रात्री झोपतात का? तो हात उगारतो का? हात उगारत असेल, तर आजार आहे म्हणून ते सोसायचे नसते. 181 ही महिला मदतवाहिनी आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 चा कायदा तिच्यासाठी आहेत, हे तिला आपल्यासारख्या थोरल्या दिरानेच सांगितले तर तिला बळ येईल.

उधारीविषयी मी स्पष्ट बोलते, राग मानू नये. आपण ती तीनदा फेडलीत ती कुटुंबाच्या अब्रूसाठी, मायेपोटी. परंतु त्यामुळे दुकानदाराला चौथ्यांदा उधार देण्याचा भरवसा मिळाला. मीही यजमानांच्या शाळेत ‘पोट बिघडले आहे’ असे फोन करत असे. त्यांचे परिणाम मी झेलत राहिले, म्हणून ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. मुलांची फी, औषध, दवाखाना यांसाठी पैसे द्यावेत, तेही थेट तिथे भरावेत. दारूचे देणे फेडू नये. पट्टीचे पैसे भावजयीच्या खात्यावर यावेत अशी व्यवस्था तो रुग्णालयातून आल्यानंतर त्याच्याशी बोलून, त्याच्या होकाराने करावी. त्याच्या पाठीमागे केली तर बागेवरचा त्याचा हक्क काढून घेतल्यासारखे त्याला वाटेल, आणि बाग ही त्याला परत उभे करणारी गोष्ट आहे.

कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे पहिल्या दिवशी मी नुसती रडले. चौथ्या-पाचव्या सभेनंतर मी रात्री दाराकडे कान लावून बसणे बंद केले. यजमान तेव्हा पीतच होते.

एक गोष्ट आणखी. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचाही समावेश आहे, आणि मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने मनाई आहे. कोणी ‘आमच्या केंद्रात बांधून ठेवतो, महिन्यात सुधारतो’ असे म्हणत असेल तर तिथून परत फिरावे.

प्रश्नकर्ता : केळीबाग

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पुडी मी भावजयीकडून मागून घेतली आणि आमच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी बाजूला ठेवली आहे. तिने ती देताना सांगितले की दोन दिवसांपासून ती स्वतःच ठरवू शकत नव्हती. तिच्याशी मी प्रथमच इतका वेळ बोललो. तो हात उगारत नाही, परंतु मुले त्याला पाहून शेजारी जातात.

आज सकाळी साडेसहाला मी त्याच्यासोबत बागेत गेलो. पाणी सोडून झाल्यावर आम्ही बांधावर बसलो. मी घागरीचा विषय काढला नाही, त्यानेच काढला. मी म्हणालो, दवाखान्यात जाऊ या, मी सोबत राहीन. त्याने एकच विचारले, “भाऊ, तिथे कोंडतील का?” मी नाही म्हणालो. सोमवारी जायला तो तयार आहे.

डॉक्टरसाहेबांना एक शंका विचारतो. सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत आणि सोमवारी सकाळी जळगावपर्यंत दीड-दोन तासांचा प्रवास आहे. तोपर्यंत त्याला अजिबात घेऊ द्यायची नाही का? पिऊन गेला तर परत पाठवतील, असे काका म्हणतात.

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ, धुळे

या तीन दिवसांत घरी, स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद करू नका. हे वाचायला विचित्र वाटेल, परंतु त्याच्या बाबतीत हेच सुरक्षित आहे. वाढू मात्र देऊ नये, आणि रोज दोन वेळा पोटभर जेवण होईल एवढे पाहावे. त्याने वाहन चालवू नये, मोटारीच्या स्विचला हात लावू नये, विहिरीवर एकट्याने जाऊ नये. मध्येच भ्रम, ताप किंवा फिट दिसली तर सोमवारची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्यावे.

सोमवारी सकाळी त्याने थोडी घेतली असली तरी मानसोपचार विभागातून केवळ त्या कारणासाठी त्याला परत पाठवू नये, अशीच अपेक्षा आहे. तिथे येणारे बहुतेक रुग्ण त्याच अवस्थेत येतात. शेवटची किती आणि किती वाजता घेतली, रोजचे प्रमाण किती, गेल्या वर्षीची फिट कोणत्या दिवशी आली, आणि इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्यावे. झोपेच्या गोळ्या घेत असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण त्याही एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते. ती पुडीही सोबत न्यावी. दाखल करून घेतल्यास त्याच्याजवळ रात्री थांबण्यासाठी एक माणूस लागेल. पहिल्या तीन रात्री शक्यतो आपणच थांबावे, कारण त्याने तो प्रश्न आपल्याला विचारला आहे.