मदत हवी आहे – कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू निवडायचंय, आन् गोचिडाचं काय करावं?

राम राम मंडळी, आमचं गाव अहमदपूरकडं, जि. लातूर. शेतावर रानडुकरं आन् हरणं लई त्रास द्यायलेत, म्हणून कारवानीचं पिल्लू बघायलोय. आमच्याकडं पूर्वी लोकं कारवानी सशामागं सोडायचे, पण ते आता नाहीच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार बंद हाय आन् ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. मला फक्त राखणीला आन् पळायला चांगलं जनावर पाहिजे.

एका धनगर काकांकडं पिल्लं हायत. छाती खोल, पोट आत गेलेलं, तोंड लांब निमुळतं हे तर समदेच बघतात, पण इतक्या लहानपणी नेमकं काय बघून ठरवायचं? आई-बाप पळताना बघणं गरजेचंच ना? मुधोळ कुत्र्याशी क्रॉस झालेलं कसं वळखू येतं, कारण आजकाल कुणीबी कशालाबी कारवानी म्हणून विकायलंय.

दुसरं, घरची जुनी कुत्री हाय तिला पावसाळ्यात गोचीड लई होतात, कानाच्या आत आन् बोटांच्या मधल्या चामडीत चिकटून बसलेले, चिमट्यानं काढले तरी परत येतात. मागच्या आठवड्यापासून ती जेवण सोडून गप पडून ऱ्हाते, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. गोचीड ताप असंल का? रक्त तपासणी लातूरला कुठं होते? नवं पिल्लू तिच्याजवळ कधी आणावं, पार्वोची (कुत्र्यांच्या जुलाब-उलटीच्या साथीच्या आजाराची) लस झाल्यावर का आधी? प्लीज लवकर सांगा.