प्रथिनं बंद केली तर गाठ उपाशी मरेल?

"कर्करोगाची गाठ ग्लुटामाइनवर पोसते, मग पेशंटची प्रथिनं बंद केली तर ती उपाशी मरेल ना?" या प्रश्नाबद्दल थोडं. नाही मरणार. ग्लुटामाइन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, आणि ते शरीर स्वतःच बनवतं, मुख्यतः स्नायूंत. डाळ, अंडी ताटातून काढली की पेशंट खंगतो, गाठीचं फारसं बिघडत नाही.

अंडाशयाच्या कर्करोगात तर आणखी गंमत आहे (गंमत कसली म्हणा!). गाठीतल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे एरवी नुसता आधार देणाऱ्या पेशी, ग्लुटामाइन तयार करून कर्कपेशींना पुरवतात. घरभेदीच! कर्कपेशी ग्लुटामिनेज या एन्झाइमने त्याचं ग्लुटामेट करतात. त्यातलं काही ऊर्जेच्या चक्रात जातं, काही ग्लुटाथायोन हा पेशीला जपणारा रेणू बनवण्यात. हे ग्लुटाथायोन सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला चिकटून ते निकामी करतं, म्हणून केमोला दाद न देण्याशी त्याचा संबंध जोडतात. मला तरी हाच धागा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ट्रिप्टोफॅन हे दुसरं अमिनो आम्ल राहिलंच. आयडीओ-१ एन्झाइम त्याचं कायन्युरेनिन करतं आणि टी-पेशी, म्हणजे गाठीशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, लुळ्या पडतात. ऐकायला सोपं लक्ष्य, पण ते एन्झाइम अडवणारं इपॅकाडोस्टॅट हे औषध अंडाशयाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन या संप्रेरक रोखणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही.