'वेस्टर्न घाट्स' हे इंग्रजांचं अज्ञान?

कातळकडा: काल इथे कुणीसं ठणकावलंय, "घाट हा शब्द इंग्रजांनी लादला, खरं नाव सह्याद्री." अहो, शब्द आपलाच! संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीचा उतार, पायऱ्या. त्यावरून डोंगर उतरायची वाट. बोरघाट, थळघाट, नाणेघाट, सगळ्या वाटाच. आपण 'घाटावर', 'घाटाखाली' म्हणायचो. परक्यांना वाटलं, डोंगराचंच नाव घाट. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात हेच म्हटलंय, आणि त्यात बोट पोर्तुगीजांकडे आहे.

रानवाट: म्हणजे चूक झाली हे कबूल! मग २०१२ साली युनेस्कोच्या यादीत चुकीचंच नाव कशाला?

कातळकडा: रांग पार तामिळनाडूपर्यंत जाते. तिथल्यांनी आपलं नाव का घ्यावं?

रानवाट: केरळात 'सह्यपर्वतम्' म्हणतात, साहेब. कोश मिटा, जरा दक्षिणेत फिरून या.

मधलीआळी: नावाचं राहू द्या. मुंबईतल्या शाळेत मला चौथीपासून 'घाटी' म्हणायचे. डबा उघडला, भाकरी दिसली की "आला घाटी". आमचं गाव सातारकडे. घट्ट-बिट्ट व्युत्पत्ती तेव्हा कुणी सांगितली नाही!

खाडीकाठ: आमच्या कोकणात घाटी म्हणजे घाटावरचा, एवढंच. शिवी मुंबईने केली. उगाच लावून घेता.

मधलीआळी: लावून घेतो? भाकरी लपवून खाल्लीय मी! "एवढंच" म्हणे.

खाडीकाठ: आणि आम्हाला 'मासेखाऊ' कोण म्हणायचं? पुण्यात भाड्याची खोली मिळाली नव्हती मला, मासळीच्या वासापायी.

रानवाट: धागा शब्दाचा होता ना?

पायरीपायरी: दख्खनच्या 'ट्रॅप'बद्दल, म्हणजे इथल्या लाव्हाच्या खडकाबद्दल, कुणीच बोलेना. तो स्वीडिश 'त्राप्पा'वरून आला, अर्थ जिना. त्या बसॉल्ट खडकाचे थर पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून. आपल्या घाटाच्याही मुळाशी पायऱ्याच. तिकडे कॅरिबियनमध्ये माँटसेरात बेटावर समुद्राकडे उतरणाऱ्या घळीला 'घॉट' म्हणतात. तो शब्द इथूनच गेला की इंग्रजी 'गट' (gut, म्हणजे अरुंद प्रवाहमार्ग) या शब्दाचं रूप, यावर वाद आहे.

रानवाट: घ्या, आता माँटसेरातलाही सह्याद्री करा.

कातळकडा: केरळचा मुद्दा मान्य. अर्धा.

मधलीआळी: आणि माझ्या भाकरीचं काय?

खाडीकाठ: बरं बाबा, शिवीच होती. कोकणातही. पण मासेखाऊही शिवीच, ते आधी लिहा.