लेकरं लहान असताना नर्सिंगला जावं का? आमच्या घरात दोन तट पडलेत

मांजराकाठ

माझ्या धाकट्या भावजयीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला जायचंय. वय ३२, बारावी आर्ट्स. पोरगा सात वर्षांचा, पोरगी तीन वर्षांची. गावात ती आशाताई आहे, त्यामुळे बाळंतिणीला अर्ध्या रात्री दवाखान्यात नेणं, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी जाऊन आयांना गोळा करणं हे तिच्या अंगवळणी पडलंय. घरचे म्हणतात, "शिक की, कोण नाही म्हणतंय? पण पोरगी शाळेत जाऊ दे."

माझं मत: जायचं तर याच वर्षी. जीएनएमच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा ३५ आहे. कोर्स तीन वर्षांचा. आत्ता गेली तर पस्तिशीत रजिस्ट्रेशन हातात येईल. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत अर्ज करता येतो आणि आम्ही खुल्यातलेच. म्हणजे एखाद-दोन जाहिराती तरी सापडतील. बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, तो रस्ता नाहीच. एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स, दोन वर्षांत होतो, पण त्यानंतर बहुतेक उपकेंद्र आणि फिरती. ती आत्ताही फिरतच असते. तिला वॉर्डात काम करायचंय.

घरात सासू आहे, दीर आहे, नवरा शेती बघतो. तीन मोठी माणसं आणि दोन लेकरं. यात नेमकं काय जमणार नाही, ते कुणी तरी सांगा.

निवृत्त_सिस्टर_ट्यूटर

मी सांगते. आयुष्यभर नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं, तेव्हा मत कडक वाटलं तरी ऐकून घ्या.

लोकांच्या डोळ्यासमोर दहा ते पाचचं कॉलेज असतं. इथे सकाळी सातच्या आसपास युनिफॉर्म घालून वॉर्डात हजर, नाईटच्या सिस्टरकडून ओव्हर (पेशंटची माहिती आणि चार्ज) घ्यायची, बेड मेकिंग, स्पंजिंग, औषधं. दुपारी लेक्चर. रात्री केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजर बुक. पुढे इव्हनिंग आणि नाईट पोस्टिंग लागतात. लेबर रूमला तर ठरलेल्या संख्येने बाळंतपणं बघायची आणि करायची असतात, ती तुमच्या वेळेनुसार होत नाहीत. प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण भरावेच लागतात. लेकरू आजारी म्हणून सुट्टी घेतली की तेवढे दिवस नंतर भरायचे. बऱ्याच शाळांत होस्टेलची सक्ती असते आणि रविवारच्या आऊटपासचीही मिनतवारी करावी लागते.

पहिल्या सहामाहीत बॅग भरून निघून गेलेल्या आया मी पाहिल्या आहेत. हुशार होत्या, कामाला वाघ होत्या. त्यांना अभ्यास झेपत होता, लेकराचा फोन झेपत नव्हता.

आणि तुमचं गणित सोयीचं आहे. ३४ व्या वर्षीही प्रवेश मिळतो. तेव्हा पोरगी पाच वर्षांची असेल, बोलून दाखवेल, फोनवर समजावता येईल. दोन वर्षं थांबल्याने दार बंद होत नाही.

मांजराकाठ

सिस्टर, प्रवेशाचं दार उघडं राहतं, नोकरीचं अर्धं लागतं. ३४ अधिक ३ म्हणजे ३७. हाती एक वर्ष. त्यात जाहिरात निघाली नाही तर आयुष्यभर खाजगी.

आणि "दोन वर्षांनी" हे लग्न झाल्यापासून ऐकतेय ती. आधी पहिलं मूल होऊ दे, मग दुसरं, मग दीराचं लग्न.

कृष्णाकाठचा_गडी

नवऱ्याच्या बाजूनं बोलतो. बायको जीएनएम झाली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आम्ही धडपडत निभावलं. पण लोक ज्याची भीती घालतात ते सोपं निघालं. डबा, धुणं, अभ्यास हे आठवड्याभरात जमतं. नवऱ्याला भात लावता येत नाही ही सबब आता बंद करा. जड गेलं ते वेगळंच. पोरगं पडलं, टाके पडले, तर तिला सांगायचं की परीक्षा होईपर्यंत थांबायचं? सांगितलं तर ती तिथं रडणार, नाही सांगितलं तर घरी आल्यावर आमची भांडणं. दोन्ही केलं. शेवटी ठरवलं की सगळं सांगायचं, पण रात्री नऊनंतर.

विरोध मात्र माझाही आहे, वेगळ्या कारणानं. सरकारी नोकरी लागेलच असं धरून चाललात. आमच्या तालुक्यात खाजगी दवाखान्यात नवीन सिस्टरला दहा-बारा हजार आणि बारा तासांची ड्युटी. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नये अशी शिफारस केली. कागद आहे, पगार नाही. तीन वर्षं लेकरांपासून लांब राहून हातात बारा हजार येणार असतील, तर तिला ते आधी माहीत असू द्या. माहीत असून जात असेल तर माझा विरोध मागे.

स्पष्ट_बोलते

आशाचा मोबदला बंद होणार, वर मेस, युनिफॉर्म, पुस्तकं, एसटी. या खर्चाबद्दल धाग्यात एक ओळ नाही. भावना पुष्कळ झाल्या.

आणि फीचं बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण ते केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर विसरा. तेव्हा "जवळची शाळा, ओळखीचे संस्थाचालक" या मोहात पडण्याआधी प्रवेश कुठून होतोय ते बघा.

माझं मत विचाराल तर एएनएम करा. दोन वर्षं, आणि आशाचा अनुभव थेट कामी येतो. वॉर्डाची हौस नंतर.

नर्सची_लेक

हौस?

आई शिकायला गेली तेव्हा मी बालवाडीत होते. सगळे "लेकरांच्या मनावर परिणाम" म्हणतात, म्हणून ते लेकरू बोलतंय. हो, राग यायचा. गॅदरिंगला सगळ्यांच्या आया, माझी आत्या. पण रागाला फोडणी घालायचं काम मोठ्यांनी केलं. "तुझी आई गं, तुला टाकून गेली" असं चारचौघांत हसत म्हणणाऱ्या दोन काकू मला आजही आवडत नाहीत. आई गेल्याचं मला आजीनं नीट समजावलं होतं. "टाकून" हा शब्द मला शेजाऱ्यांनी शिकवला.

सिस्टर म्हणतात पाच वर्षांच्या मुलीला समजावता येतं. येतं. पण पाच वर्षांच्या मुलीला टोमणेही समजतात. तीन वर्षांची निदान त्यातून सुटते.

लेस्टरहून

मी इथे केअर होममध्ये काम करते, मूळची जळगावची. इंग्लंडमध्ये नर्सिंगची पदवी करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान मिळतं, ते परत करायचं नसतं. पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर आणखी २,००० पौंड. प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डातलं प्रात्यक्षिक, इथेही रात्रीची असते, रडारडही असते. पण विद्यार्थिनीला मूल असू शकतं हे सरकारने हिशेबात धरलेलं आहे. आपल्याकडे २०१७ च्या मातृत्व कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, ते कर्मचाऱ्यांसाठी. त्याच इमारतीत रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थिनीचं काय?

निवृत्त_सिस्टर_ट्यूटर

लेस्टरताई, बरोबर. पण भावजय उदगीर-लातूरकडे शिकणार आहे, लेस्टरला नाही.

बारा_गावचं_पाणी

कुणी बोललं नाही म्हणून. "एका वर्षात नर्स व्हा, घरून करा, मुलं सांभाळून करा" असे बोर्ड तालुक्याला लागलेत. लहान मुलांच्या आया नेमक्या त्यांनाच भुलतात. नर्सिंग घरून होत नाही. सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नसेल तर तो कागद फक्त फ्रेम करायचा. शाळेला कौन्सिलची मान्यता याच वर्षाची आहे का तेही बघा.

स्पष्ट_बोलते

हे मात्र शंभर टक्के. तरीही लेकरू तीन वर्षांचं असताना होस्टेलवर राहणं मला पटत नाही. जुन्या काळी बायका घर सोडून असं करत नव्हत्या, तरी संसार झालेच ना.

मांजराकाठ

करत होत्या. रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ चं. तिथल्या बायका, त्यात विधवाही होत्या, ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकल्या. तेव्हाही लोक बोललेच असणार.

ताई, एएनएमचं तिच्यापुढे मांडलं. ती म्हणाली, "दोन वर्षं होस्टेलला राहणं पटतंय आणि तीन पटत नाहीत, असं का?" मला उत्तर देता आलं नाही.

कृष्णाकाठचा_गडी

एक राहिलं. वरती "घरात सासू आहे" असं लिहिलंय. सासूबाईंना कुणी विचारलं का? रात्री पोरगी उठली की दीर उठणार नाही, त्या उठणार आहेत.

मांजराकाठ

काल विचारलं. आई म्हणाली, दोन वर्षं सांभाळते, तिसऱ्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. भाऊ गप्प बसला होता. आता तिसऱ्या वर्षाचं त्याच्याकडून वदवून घेतेय.

निवृत्त_सिस्टर_ट्यूटर

मग पहिल्या वर्षीच वदवून घ्या आणि त्याला आत्तापासून पोरीजवळ झोपायला लावा. अर्ज भरायच्या आधी शाळेत जाऊन होस्टेलची सक्ती आहे का आणि गावात राहणाऱ्यांना सूट मिळते का, हे लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं ॲडमिशननंतर बदलतं. माझं मत अजून थांबा असंच आहे, पण जात असेल तर मायक्रोबायोलॉजीच्या नोट्स लागल्या तर सांगा. इंग्रजीला घाबरत असेल तर त्याही मराठीत काढलेल्या आहेत.